एकतीस नंबरची कॅसेट

पावणे,
९ जानेवारी १९९५

ती. कमळाकरकाका,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही, पण माझ्या वडिलांना ओळखता. मी बाबासो निकमांची थोरली, ज्ञानेश्वरी. चिंचपोकळीच्या चाळीत तुमच्या खालच्या मजल्यावर गाववाल्यांच्या खोलीत राहायचे, बाजारात माथाडी होते आणि दर रविवारी तुमच्याकडे टीव्हीवर सिनेमा बघायला यायचे, ते निकम. आता ते गावी असतात, कोरेगाव तालुक्यात. तुम्ही बेलापूरला राहायला गेल्याचं कार्ड पाठवलं होतंत, ते आबांनी अजून तारेला टोचून ठेवलंय. त्यावरून पत्ता घेतला.

मी गेल्या दिवाळीपासून इकडे पावणे गावात आहे. एका छोट्या कारखान्यात प्रेशर गेज तपासायचं काम करते. काटा बरोबर आकड्यावर येतो का ते दिवसभर बघायचं. बायजाबाई म्हणून इथल्याच गावच्या आहेत, त्यांच्याकडे एक खोली भाड्याने घेतलीय. ओळखीचं इथं कुणी नाही. बोलायचं तर काट्यांशी.

काका, तुम्ही आबांना एक कॅसेट दिली होती. ८३ साली त्यांनी ती गावी आणली. तिच्यावर तुमच्या अक्षरात 'घाट. पाठलाग. ज. केणी' एवढंच लिहिलंय. गाणं एकही नाही, नुसतं वाजवणं. मी तेव्हा शाळेत होते. गावात सगळे लग्नाची गाणी लावायचे आणि मी ते ढोल लावायचे. आई म्हणायची, हिच्या अंगात येणार एक दिवस. ती कॅसेट मी इथं बरोबर आणलीय. संध्याकाळी कामावरून आले की आधी ती लावते, मग चहा ठेवते.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. हे केणी कोण? आणि मधूनच जी लोखंडी घंटा वाजायला लागते, ते कुठलं वाद्य? तसलं काही मी दुसरीकडे कुठंच ऐकलं नाही. ती घंटा आली की मला इथं एकटं वाटत नाही. खरंच सांगते.

काकूंना नमस्कार सांगा. आबा अजून त्यांच्या चहाचं नाव काढतात.

आपली,
ज्ञानेश्वरी

—

सेक्टर ८, सीबीडी बेलापूर,
१४ जानेवारी १९९५

चि. ज्ञानेश्वरीस,
अनेक आशीर्वाद, आणि तिळगूळ घे, गोड बोल.

निकमांची पोर आणि केणींबद्दल विचारतेय! मी पत्र हातात घेऊन खुर्चीत बसूनच राहिलो. चार वर्षं झाली या फ्लॅटमध्ये येऊन, सोसायटीच्या नोटिशीशिवाय कुणी मला काही लिहिलेलं नाही.

जयप्रकाश केणी मूळचे कारवारचे. तरुणपणी बोटीवरच्या बँडमध्ये व्हायोलिन वाजवायचे. बोट मोंबासाला लागो, झांजिबारला लागो की जावाला, बरोबरचे वादक गुत्त्यात जायचे आणि हे गावात जाऊन लोक काय वाजवतात ते ऐकत बसायचे. मुंबईला परतले ते तीन ढोल, बांबूच्या पाच बासऱ्या आणि आफ्रिकेतली एक लोखंडी घंटा घेऊन. सिनेमात गाणी मिळाली मोठ्या लोकांना. यांना मिळालं पार्श्वसंगीत. पार्श्वसंगीतवाला म्हणजे लग्नातला वाढपी. सगळे जेवून जातात, त्याचं नाव कुणी विचारत नाही. सतरा सिनेमे केले, त्यातले पंधरा आपटले. पाच वर्षांपूर्वी गेले तेव्हा पेपरात चार ओळी आल्या, त्यातही आडनाव चुकलं होतं.

आपल्याकडे परदेशी वाद्य वाजलं की समजावं, आता कॅबरे येणार. केणींचं तसं नाही. ते रानात शेण्या वेचणाऱ्या म्हातारीच्या मागे मोंबासाचा ढोल वाजवतात, आणि तुला वाटतं हा ढोल याच रानातला. माझ्या बारा नंबरच्या कॅसेटमध्ये बंदरावरचा प्रसंग आहे. खलाशी बाप मरतो. दुसरा कुणी असता तर व्हायोलिनं रडवली असती. केणी फक्त घंटा आणि ढोल ठेवतात. ढोल हळूहळू मागे पडतो, घंटा आपली चालूच राहते. असं मरण मी पडद्यावर दुसरं ऐकलं नाही. (बघितलं असं लिहिणार होतो, पण ऐकलं हेच बरोबर.)

सिनेमांची नावं मी लावत नाही, नंबर टाकतो. एकूण एकशे त्रेचाळीस आहेत. पद्धत अशी होती: टीव्हीसमोर स्टूल, त्यावर टेपरेकॉर्डर, पंखा बंद आणि घरात चिडीचूप. तुझे आबा त्या बाबतीत आदर्श, खोकलासुद्धा गिळायचे. स्वच्छ उतरलं तरच कॅसेटच्या मागच्या दोन खुट्ट्या मोडायच्या, म्हणजे ती पुन्हा पुसली जात नाही. जरा जरी आवाज आला तरी पुसून टाकायची. तुझी कॅसेटही मी निकमांसाठी चांगली निवडून दिलेली असणार.

आता तुझी चूक. घाटातल्या पाठलागात घंटा नाही. माझी एकतीस नंबरची कॅसेट तीच आहे, आज पुन्हा ऐकली. ढोल आहेत, बासरी आहे, एक तार खरवडल्यासारखी वाजते. घंटा नाही. तुझ्या मशिनचा काहीतरी खडखडाट असेल, तेल घाल.

काकूंचा आशीर्वाद.

तुझा,
कमळाकर साटम

—

पावणे,
२२ जानेवारी १९९५

ती. काका,
सा. न.

मशिनला तेल घातलं. घंटा आहे.

काका, माझं कामच काटा बघायचं आहे. मला खडखडाट आणि वाद्य यातला फरक कळतो. रविवार होता म्हणून कागद घेऊन बसले आणि ठोके मांडले. घंटा अशी आहे: टण, मग एक जागा रिकामी, टण, मग लागोपाठ दोन, टटण. आणि परत पहिल्यापासून. ढोलाच्या पहिल्या ठोक्यावर ती कधीच पडत नाही, त्याला चुकवून त्याच्या मागून येते. पोरं आपल्याला मागून टपली मारून पळतात ना, तशी. खडखडाट असा हिशोबात वाजतो का? वाजवणाऱ्याला ढोल पाठ आहे. मला तर वाटतं, वाजवता वाजवता तो हसत असणार.

सव्वा मिनिट ती घंटा आहे. मग एक 'शूः' असा वाऱ्यासारखा आवाज येतो आणि ती थांबते. तो 'शूः' पण केणींचाच का? मला तो लहानपणी फार आवडायचा. मला वाटायचं घाटात धुकं आलं.

बायजाबाई दारात येऊन म्हणाल्या, "काय गो, परत लावलंस ते ढोल? कोनाचं लगीन हाय?" मी त्यांना बसवून ऐकवलं. घंटा आली तशी त्यांनी मान डोलवली आणि म्हणाल्या, "ह्यो आवाज माज्या वलकीचा हाय." कुठला ते काही त्यांना सांगता येईना.

तुम्हाला पटत नसेल तर मी कॅसेट घेऊनच येते. पावण्याहून बेलापूर कितीसं लांब? बसने अर्धा-पाऊण तास. आपण दोघं एवढ्या जवळ राहतो आणि पत्र पोचायला तीन दिवस लागतात, हसूच येतं. पुढच्या रविवारी येऊ? काकूंनाही भेटेन.

ज्ञानेश्वरी

—

बेलापूर,
२८ जानेवारी १९९५

चि. ज्ञानेश्वरी,
आशीर्वाद.

तू लिहिलेले ठोके मी टेबलावर बोटांनी वाजवले आणि ताडकन उठलो. अगं, ही बारा नंबरची घंटा आहे! बंदरावरची! हुबेहूब तीच चाल. म्हणजे काय झालं लक्षात येतंय का? केणींनी घाटाचा तुकडा दोनदा केला. एकदा घंटा घालून आणि एकदा काढून. दूरदर्शनने पहिल्यांदा दाखवली ती एक प्रिंट आणि तीन वर्षांनी दाखवली, ज्यावरून मी एकतीस नंबर उतरवली, ती दुसरी. मरणाची घंटा त्यांनी पाठलागात आणून ठेवली. पळणारा माणूस मरणार हे ते आधीच सांगतायत! आणि तो 'शूः' म्हणजे तोंडाने काढलेला आवाज. केणी असले आवाज घ्यायचेच.

माझ्याकडे वीस वर्षं हे संगीत आहे आणि शोध लावलास तू. इथल्या वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही पाच-सहा म्हातारे जमतो, कुणीतरी काहीतरी वाचून दाखवतं. फेब्रुवारीत माझी पाळी आहे. 'केणींची हरवलेली घंटा' असा लेख लिहायला घेतलाय. तुझं नाव त्यात घालणार आहे.

येऊ मात्र नकोस. घर आवरलेलं नाही आणि ही सध्या बाहेरगावी आहे. कॅसेटची उगाच हलवाहलव नको. जपून ठेव, उन्हात ठेवू नकोस.

कमळाकर साटम

—

पावणे,
६ फेब्रुवारी १९९५

ती. काका,

काल मी आले होते.

तुम्ही नको म्हणालात तरी आले, चूक माझी. मला वाटलं, काकू नाहीत तर तुमच्या जेवणाचे हाल होत असतील, म्हणून भाकरी आणि खर्डा बांधून घेतला. तुमच्या जिन्यात मनालीताई म्हणून शेजारच्या बाई भेटल्या. मी विचारलं, साटमकाका इथेच राहतात ना, काकू परत आल्या का गावाहून? त्या म्हणाल्या, "अगं, काकू जाऊन दोन वर्षं झाली. काका एकटेच असतात. कुणाशी बोलत नाहीत. आत नुसतं वाजत असतं."

बेल वाजवायचा धीर झाला नाही. भाकरी मनालीताईंना देऊन मी परत फिरले.

काका, मग तुम्ही मला आशीर्वाद कुणाचा पाठवलात?

रागावून लिहीत नाहीये. बसमध्ये रडले मात्र. तुमचं खोटं पकडलं म्हणून नाही. मीपण आईला दर आठवड्याला लिहिते, इथं मैत्रिणी खूप आहेत, मजेत आहे.

ज्ञानेश्वरी

—

बेलापूर,
१३ फेब्रुवारी १९९५

चि. ज्ञानेश्वरी,

भाकरी मिळाली. मनालीबाईंनी दार वाजवून दिली. खर्डा फार तिखट होता. सगळा खाल्ला.

खोटं बोललो. 'काकूंचा आशीर्वाद' हे हाताच्या सवयीने लिहिलं गेलं, तीस वर्षं प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहीत आलो. लिहिल्यावर दिसलं. खोडलं नाही, कारण त्या ओळीपुरती ती घरात होती. दुसऱ्यांदा मात्र ठरवून खोटं लिहिलं, कारण तू आली असतीस तर तुला कळलं असतं.

नंदिनी गेली ९३ च्या जानेवारीत. ताप आला आणि नवव्या दिवशी संपलं. आता तुला जे सांगतो ते मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगायला कुणी नाही म्हणून.

मला तिचा आवाज आठवेनासा झालाय. फोटो आहेत. साड्या आहेत. ती मला 'अहो' म्हणायची हे आठवतं, पण तो शब्द आठवतो, आवाज नाही. गेल्या वर्षी एक दिवस स्वयंपाकघरात उभा राहून मी तो आठवायचा प्रयत्न करत होतो. काही केल्या येईना, तेव्हा मी घाबरलो. मग सुचलं की माझ्याकडे एकशे त्रेचाळीस कॅसेटी आहेत. चाळीतली एकच खोली, त्यातच ओटा. कुठेतरी ती असेलच. बांगडी, खोकला, पाण्याचा तांब्या, काहीही.

एक नंबरपासून ऐकत आलोय. मनालीबाईंना वाटतं म्हातारा संगीताचा वेडा आहे. मी संगीत ऐकतच नाही गं, मी संगीताच्या मागचं ऐकतो. सगळ्या झाल्या. एकाही कॅसेटमध्ये नंदिनी नाही. कशी असणार? दर रविवारी मी तिला गप्प केलं. भांडं ठेवलं की हाताने खूण, दाराची कडी वाजली की डोळे मोठे. तरी आवाज आलाच, तर दुसऱ्या दिवशी पुसायचो. दहा वर्षं मी बसून माझ्या बायकोला एकेका कॅसेटमधून काढून टाकलं आणि त्याला स्वच्छ उतरलं म्हणालो.

तिला यातलं काही कळत नाही अशीच माझी समजूत होती. सिनेमा चालू असताना ती माझ्याकडे पाठ करून ओट्याशी काहीतरी करत असायची. तिला आवडतं का, हे मी एकदाही विचारलं नाही.

वाचनालयात लेख वाचणार नाही असं कळवलंय.

कमळाकर

—

(पोस्टकार्ड)
बेलापूर,
२० मार्च १९९५

चि. ज्ञानेश्वरी, आ.
महिना झाला, तुझं पत्र नाही. मागच्या पत्रात जास्त लिहिलं गेलं. तुला अवघडल्यासारखं झालं असेल तर ते पत्र फाडून टाक. घंटेबद्दल लिही, दुसरं काही नको. रोज पोस्टमनची वाट बघतो.
क. साटम

—

मु. पो. ल्हासुर्णे, ता. कोरेगाव,
११ एप्रिल १९९५

ती. काका,
सा. न.

तुमचं पत्र आलं आणि दुसऱ्याच दिवशी आई पडल्याची तार आली. पाय मोडलाय. तेव्हापासून गावीच आहे, कारखान्यातून बिनपगारी रजा घेतली. तुमचं कार्ड बायजाबाईंनी इकडे पाठवून दिलं ते आत्ता मिळालं. मी अवघडले नव्हते. काय लिहावं तेच कळत नव्हतं. तुमचं पत्र माझ्या उशाखाली आहे, फाडणार नाही.

काल गावची यात्रा झाली. आज सगळे पाहुणे गेले, घर रिकामं झालं, म्हणून आईला ऐकायला कॅसेट लावली. आबा अंगणात बैलाला पेंड घालत होते. आबांनी ती कॅसेट आणल्यापासून कधी नीट ऐकलीच नव्हती, मी लावली की ते शेतावर निघून जायचे. आज घंटा सुरू झाली आणि ते हातातली पाटी तशीच घेऊन आत आले.

मी म्हणाले, "आबा, ही घंटा आफ्रिकेतली आहे. केणींनी बोटीवरून आणली."

आबा माझ्या तोंडाकडे बघायला लागले. म्हणाले, "कसली आफ्रिका? वैनी शेंगदाण्याचा कूट कुटतायत की."

काका, तुम्ही बसलेले असाल अशी आशा आहे. आबांनी सांगितलं तसंच लिहिते, माझ्या पदरचं काही घालत नाही.

"आषाढातला रविवार हुता. दुसऱ्या दिवशी सोमवार, साटमसाहेबांचा उपास, खिचडीला कूट पायजे. वैनी लोखंडी खलबत्ता घिऊन वट्याखाली बसल्या हुत्या. शिनेमात ढोल सुरू झालं आन् हिकडं वैनींचं सुरू झालं. मला वाटलं आता साहेब चिडणार. तर साहेब टीवीच्या जवळ, तेंना जरा वेळानं कळलं. मग वळून 'शूः' केलं. म्या बी श्वास धरला. ढोल सपल्यावर साहेबांनी आधीच नाव लिवून ठेवलेली कॅसेट खटकन काढली आन् म्हणालं, घेऊन जा निकम, माझ्या कामाची नाही. पुसायचं बी कष्ट घेतलं न्हाईत. लई रागावलं हुतं."

निवडून वगैरे काही दिलेली नव्हतीत काका. रागाने दिली होतीत, म्हणून राहिली. नाहीतर तीही पुसली असतीत.

आणखी एक आहे. आबा जिना उतरायला लागले तेव्हा काकू मागून दारापर्यंत आल्या. आबा म्हणतात, पदराने हात पुसत होत्या आणि हसत होत्या. हळूच म्हणाल्या, "भाऊजी, टाकून नका देऊ हं ती. बरी वाजवलीय मी."

आबांना वाटलं, वहिनी थट्टा करतायत. बारा वर्षं त्यांनी ते कुणाला सांगितलंही नाही, सांगण्यासारखं त्यांना काही वाटलंच नाही.

मी पोस्टाने कॅसेट पाठवणार नाही, पोस्टावर माझा भरवसा नाही. पुढच्या आठवड्यात पावण्याला परततेय; तेवीस तारखेला रविवार आहे, तेव्हा घेऊन येते. या वेळी विचारत नाही, कळवतेय.

ज्ञानेश्वरी

—

बेलापूर,
३० एप्रिल १९९५

चि. ज्ञानेश्वरी,
अनेक आशीर्वाद. माझ्या एकट्याचेच, तेवढ्यावर भागव.

गेल्या रविवारी तू कॅसेट टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, "मी जाते, तुम्ही एकटे ऐका." चहासुद्धा घेतला नाहीस. मी थांब म्हणायला हवं होतं.

चार दिवस कॅसेट तशीच पडून होती. भीती वाटत होती. नसलीच तर, असं मनात यायचं. तू आणि आबा सांगताय तसं काही नसेल, खरंच मशिनचा खडखडाट असेल, मग मी काय करू? गुरुवारी दुपारी लावली.

तिचा आवाज नाही. शब्द एकही नाही. ते आधीच सांगून टाकतो.

पण ज्ञानेश्वरी, ती वाजवतेय. कुटणारी बाई असं कुटत नाही, कूट व्हायला लागला की हात जड होतो, ठोके लांबतात. हिचे लांबत नाहीत. टण, रिकामं, टण, टटण. ढोलाला चुकवून, मागून, तू म्हणालीस तशी. ही बारा नंबरची घंटा तिने ऐकून ऐकून पाठ केली होती. माझ्याकडे पाठ करून, ओट्याशी, गप्प बसून. आणि तिने ती घाटाच्या तुकड्यात घातली, जिथे केणींनी घातली नव्हती. आता घातल्यावर कळतं की तिथे ती हवीच होती. माझी एकतीस नंबर मी लगेच लावून बघितली. फिकी वाटते. काहीतरी राहून गेल्यासारखी वाटते.

मग मी येतो. 'शूः.' एवढाच मी त्या कॅसेटमध्ये आहे. तुला धुकं वाटलेला तो मी. त्यानंतर ती थांबते, तो थांबलेला ठोका मला ऐकू येतो. खलबत्त्यात हात वर राहिलेला असणार. नुसते ढोल चालू राहतात. मी घड्याळ लावून मोजलं, सदतीस सेकंद. आणि शेवटी, पाठलाग संपतो, ढोल एकदम तुटतात, त्याच्या अगदी पुढच्या क्षणाला, बरोबर जागेवर, हलकेच एक ठोका.

टण.

तू सांगितला नव्हतास मला हा शेवटचा. तुला तो संगीताचाच वाटला असेल. तो तिचा आहे. मी गप्प केल्यावरही तिने तो राखून ठेवला आणि जागेवर दिला. मी रागात होतो, ऐकला नाही. माझी अशी समजूत होती की त्या खोलीत ऐकणारा मी एकटा आहे. मी खूप रडलो. साठी उलटल्यावर इतकं रडता येतं हे मला माहीत नव्हतं.

एकतीसचं लेबल मी जुन्या कॅसेटवरून काढून तुझ्या कॅसेटवर लावलंय. मागच्या दोन्ही खुट्ट्या मोडल्या. आता ती कुणालाच पुसता येणार नाही, मलासुद्धा नाही.

कॅसेट तुझी आहे. लहानपणापासून तू तिला सांभाळलंस. तरी मागतो, मला ठेवू दे. तुझ्यासाठी मी तिच्यावरून एक उतरवून सोबत पाठवतोय. पोस्टावर तुझा भरवसा नाही म्हणून मनालीबाईंच्या भाच्याबरोबर देतोय, तो पावण्यालाच कामाला येतो.

एक मात्र सांगायला हवं. माझ्याकडे मशिन एकच, म्हणून मनालीबाईंचं मागून आणलं आणि दोन्ही समोरासमोर ठेवून जुन्या पद्धतीने उतरवली. मध्येच त्या दार वाजवून आल्या, वाटीत आंब्याचं लोणचं घेऊन. घंटा चालू होती. माझा हात सवयीने वर गेला होता. तो मी खाली घेतला.

त्यामुळे तुझ्या या नव्या कॅसेटमध्ये जिथे 'शूः' येतो, त्याच्या जरासं अलीकडे माझा आवाज आलाय. नीट ऐकलंस तर कळेल. मी मनालीबाईंना म्हणतोय, "या, बसा. नंदिनी वाजवतेय."

स्वच्छ उतरली नाही. तेवढं चालवून घे.

तुझा,
कमळाकरकाका